एक कोटी एकोणतीस लाख एकोणसाठ हजार नऊशे एक्कावन्न

४ फेब्रुवारी

खिळ्या,

फोन उचलत नाहीस. उचललास तरी "हं" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून हे पत्र. पत्राला नुसतं "हं" म्हणून सुटता येत नाही, चार ओळी तरी खरडाव्या लागतात.

ठकी बरी आहे. तुझी लेक वयाने दहाची, पण वागणं साठीचं. शाळेतून येते, दप्तर खुंटीला लावते, हात धुते, अभ्यास करते, जेवते, झोपते. काहीही विचारलं तरी "बरं." मी तिच्या वयाची असताना मांजर हरवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं ना? हिची आई गेली आणि ही माझ्या घरी आल्यापासून पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता खाली ठेवते. एकदाही रडलेली नाही. मला त्याची भीती वाटते, सरळ सांगते.

"थोडे दिवस ठेवून घे" म्हणालास. ठेवली. माझी तक्रार नाही, आणि तुझ्या भावोजींना तर पत्त्यात हरवायला हक्काचं माणूस मिळालंय. पण थोडे दिवस म्हणजे किती? ती विचारत नाही. संध्याकाळी जिन्यात पाय वाजले की मान वर करते. दुसरंच कोणी असलं की पुन्हा वहीत बघते.

कधी येतोस न्यायला?

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

कामावर जातो आहे. वजनकाट्याची खोली होती तशीच आहे. ट्रक येतो, रिकाम्याचा काटा करतो. आत जातो, भरून येतो, भरलेल्याचा काटा करतो. भरलेल्यातून रिकामा वजा केला की माल. चिठ्ठी फाडून देतो, पुढचा ट्रक. घंटा झाली की जेवतो. भूक लागते म्हणून नाही, घंटा होते म्हणून.

मला काही वाटत नाही. लोक विचारतात कसा आहेस, मी ठीक म्हणतो, आणि ते खोटं नसतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल चावला गेला तरी कळत नाही. तसं चाललंय.

एक सांगतो, हसू नकोस. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा ठकीच्या आईच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली होती. शेवटी ती कापून माझ्या हातात दिली. नाव पुसट झालं होतं, आकडा स्पष्ट होता: १२९५९९५१. पट्टी बांधली त्या दिवशी ठकीने तो पाठ केला आणि म्हणाली, "आई घरी आली की फोडू." तिची आई म्हणाली, "मला आधी जेवू द्या रे, मग काय फोडायचं ते फोडा."

अण्णांचा नियम मी घरी चालूच ठेवला होता, तुला माहीत आहे. घरात नवा आकडा आला की त्याचे अवयव पाडल्याशिवाय कुणी पानावर बसायचं नाही. आणि फुटला की कुणी जेवायला बसायचं राहायचं नाही, मग भांडण असो नाहीतर ताप असो. ती सून म्हणून आली त्या दिवशी अण्णांनी तिला काय विचारलं, आठवतं? "तुझ्या जुन्या घराचा नंबर काय गं?" ती घाबरत म्हणाली, "एक्क्याण्णव," आणि आपण सगळे एका दमात ओरडलो, "सात तेरा!" आपण वेड्यांच्या घरात पडलो असं तिला वाटलं होतं. पुढे तीच सगळ्यांच्या आधी ओरडायची.

तर हा आकडा फोडायचा राहिलाय. काट्यावर दोन ट्रकांच्या मध्ये बसून भाग देतो. मोबाइलवर टाकला तर एका क्षणात कळेल. मला कळून घ्यायचं नाही, मला फोडायचा आहे. तीनने जात नाही, अंकांची बेरीज एक्केचाळीस येते. सातने चार उरतात. अकराने चार, तेराने पुन्हा चारच. सतराने एक. ३६०० ला ३६०० ने गुणलं की या आकड्याच्या पुढे जातं, तेव्हा त्याचे दोन तुकडे होणार असतील तर एक तरी ३६०० च्या आतला असणार. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायच्या. अण्णांनी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवल्यात, त्या उतरवून घेतल्या.

एवढं झालं की येतो.

खिळ्या

२० फेब्रुवारी

खिळ्या,

हसले नाही. खरं तर थोडी हसले, "सात तेरा" वाचून, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच पुन्हा घासली.

माझ्या घरात मी अण्णांचा नियम कधी लावला नाही. तुझ्या भावोजींना भूक लागली की त्यांना एक अधिक एकसुद्धा सुचत नाही. पण तू लागलास कशाच्या तरी मागे, हे बरं वाटलं. हाताला काम असलं की माणूस सावरतो. मी तर ती गेली तेव्हा कामावर जाऊन दिवसभर नुसते शाळेचे गणवेश बेतत बसले होते. मोठी कात्री हातात असली की डोकं गप्प बसतं.

ठकीला मी सांगितलं, बाबा तुझ्या आईचा आकडा फोडतायत. ती म्हणाली, "बरं." नंतर अंथरूण घालताना म्हणाली, "आत्या, फुटला की येणार ना?" मी हो म्हणून बसले. माझा शब्द खाली पाडू नकोस.

फुटला की येशील ना?

ताई

१७ मार्च

ताई,

फुटला की येईन.

हजाराच्या पुढे गेलो. रोज थोडे होतात. एक गंमत सांगतो, म्हणजे पूर्वी याला गंमत म्हटलं असतं. सतराने एक उरला होता. एकोणऐंशीनेही एकच उरला. एकशे त्र्याण्णवनेही एक. म्हणून सहज एक कमी करून पाहिला. १२९५९९५० चा अगदी भुगा होतो: दोन, पाच, पाच, सतरा, एकोणऐंशी, एकशे त्र्याण्णव. बघता बघता फुटतो.

दाखल करायच्या रांगेत तिच्या पुढे एक रंगारी होता, शिडीवरून पडलेला. हा आकडा त्याचा. हाताला प्लास्टर घालून तो त्याच आठवड्यात घरी गेला. परवा आमच्या गेटची कमान रंगवायला आला होता. मी त्याला ओळखलं, त्याने मला नाही. हात छान बरा झालाय. मला राग यायला हवा होता, किंवा रडू. मी त्याला विचारलं, रंग वाळायला किती वेळ लागेल, ट्रक थांबलेत.

न फुटणाऱ्या आकड्याला अण्णा काय म्हणायचे, आठवतं? "गाठ आहे. लाकडातली गाठ करवतीला दाद देत नाही. सोडा आता आणि वाढा." आणि मग त्या आकड्याचं नाव पुन्हा निघायचं नाही. हल्ली मला वाटतं, हा गाठच निघावा.

खिळ्या

२९ मार्च

खिळ्या,

तुझं शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. बाकीचंही फारसं नाही, पण ते अजिबातच नाही.

ठकीच्या गणवेशाची दुमडलेली पट्टी सोडून खाली केली. बोटभर उंच झालीय. तुला दाखवायला म्हणून दाराच्या चौकटीवर रेघ मारते म्हटलं तर म्हणाली, "नको, आमच्या घरी आहे चौकट."

उत्तर लिही.

ताई

२६ एप्रिल

खिळ्या,

फोन बंद. पत्राला उत्तर नाही. भावोजींनी तुमच्या गेटवर फोन लावला, तिथला पहारेकरी म्हणाला, येतात, काम करतात, जातात. जिवंत आहेस एवढं कळलं. तेवढ्यावर किती दिवस काढायचे ते तरी सांग.

ताई

१४ मे

ताई,

उशीर झाला. आकडा हातावेगळा केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

झाला. गाठ आहे. ३५८३ पर्यंत एकूण एक मूळ संख्या लावून पाहिली, प्रत्येकीने काही ना काही उरतं. ३६०० च्या आत आता ३५९३ तेवढी एक राहिली. इतक्यांनी गेला नाही तो शेवटच्या एकीने काय जाणार. मूळ संख्याच धरायची.

दुसरं लिहायचं होतं. ठकी तुझ्याकडेच राहू दे. खर्चाचं मी बघेन, तो प्रश्न नाही. गेल्या महिन्यात मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन गेलो. ती शाळेतून येत होती, दप्तर एका खांद्यावर. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि मला काहीच वाटलं नाही, ताई. माझी मुलगी आहे हे माहीत होतं, जसं आज कोणता वार आहे हे माहीत असतं. ती जवळ आली असती तर तिला माझ्या तोंडावर ते दिसलं असतं. आई गेली, वर बापाचं हे बघायला नको तिला. तू तिला चांगली वाढवशील.

गाठ निघाली की विषय बंद. हा नियम अण्णांचाच आहे.

खिळ्या

२० मे

खिळ्या,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. पहिल्या तिन्हींत तुला इतक्या शिव्या होत्या की पोस्टाने परत पाठवलं असतं. आता झालं ते तेवढं सांगते.

तुझं पत्र दोन कागदांवर होतं. दुसरा, ठकीबद्दलचा, मी ब्लाउजच्या कपड्याखाली सरकवून ठेवला. तिला काय सांगायचं ते मला ठरवता येईना. पहिला तसाच टेबलावर राहिला. संध्याकाळी ताटं वाढली, तिघं बसलो. भावोजींचा पहिला घास उचललेला. मी मूग गिळून बसणार होते, पण ठकीनेच विचारलं, "बाबांचं पत्र आलंय ना?" मी म्हटलं, "हो. आकडा झाला त्यांचा. गाठ निघाली."

तिने हात पुसून कागद घेतला आणि वाचला. म्हणाली, "अजून एक राहिलाय की."

मी म्हटलं, "राहू दे गं. शेवटचा एक. त्याने काय होतंय?"

ती म्हणाली, "मग आपण जेवायला का बसलोय?"

भावोजींचा घास तोंडापाशीच थांबला. तीस वर्षांत त्या माणसाला जेवताना थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ठकीने ताट पुढे सरकवलं. रागाने नाही, नुसतं सरकवलं. मग भावोजींनीही घास ताटात ठेवला आणि आपलं ताट सरकवलं. मी काय करणार?

ती वही घेऊन आली. ३५९३ ने भाग द्यायला बसली आणि पहिल्याच पायरीला चुकली, आकडे फार मोठे तिला. खोडलं, पुन्हा चुकली. म्हणाली, "आत्या, आजोबांकडे दुसरी रीत नव्हती का?"

होती, खिळ्या. तू विसरलास की काय ते मला माहीत नाही, मी तर साफ विसरले होते. "खालून फुटत नसेल तर वरून बघा," म्हणायचे. आकडा म्हणजे प्लायवूडची फळी समजायची. फळी चौरस नसेल, पण पूर्ण चौरसाला किती कमी पडते ते बघायचं. कमी पडणारा तुकडाही चौरसच निघाला, तर काम फत्ते.

मी चौकड्यांच्या कापडाचा तुकडा काढला, दहा चौकड्या लांब, दहा रुंद. एका कोपऱ्यातून तीन बाय तीनचा चौरस कापून टाकला. उरलेल्या कापडाला सरळ कात्री मारली: एक तुकडा दहा बाय सात, दुसरा तीन बाय सात. दुसरा उचलून पहिल्याच्या कडेला लावला. सलग पट्टी झाली. ठकीने चौकड्या मोजल्या. सात आणि तेरा.

"एक्क्याण्णव," ती म्हणाली. "आईचं जुनं घर."

हे मी ठरवून केलं नव्हतं. दहा आणि तीन आपले हाताला आले.

मग ती तुझ्या आकड्याकडे बघत बसली. म्हणाली, "छत्तीस छत्तीस बाराशे शहाण्णव. त्याच्यावर चार शून्यं दिली की जवळच येतंय." ३६०० चा वर्ग, १२९६००००. त्यातून तुझा आकडा वजा केला. एकोणपन्नास. सात साते. पुढचं तिने बोटांवर केलं: छत्तीसशेतून सात गेले, छत्तीसशेत सात मिळवले. ३५९३ आणि ३६०७. भावोजींनी दोघांचा गुणाकार मोबाइलवर करून पाहिला आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

खिळ्या, तुझा आकडा शेवटच्या एकीनेच फुटतो. तू जी सोडलीस, तिनेच.

ती बघत राहिली आणि मग रडायला लागली. किती मोठ्याने म्हणून सांगू? शेजारीण दार वाजवून गेली. मी तिला घट्ट धरून बसले आणि मलाही कढ आवरला नाही. भावोजी तिघांची ताटं झाकत होते, एकच झाकण पुन्हा पुन्हा सरळ करत होते. रडण्यात ती एवढंच म्हणत होती, "आईला सांगायचं राहिलं." मग थंड झालेलं जेवलो. तिने दोनदा मागून घेतलं.

तुझ्या दुसऱ्या कागदाचं उत्तर. तिला तुझ्या तोंडावर काही दिसेल म्हणतोस. ती तुझीच मुलगी आहे, तेच तोंड तिने चार महिने माझ्यासमोर धरलंय. तुला काही वाटत नाही म्हणून तू बाप राहिला नाहीस, हे तुला कुणी सांगितलं? मला ते मान्य नाही. तो कागद मी तिला दाखवलेला नाही आणि दाखवणार नाही. सांगायचंच असेल तर तू येऊन सांग.

सोबत तिची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. पाकीट तिनेच चिकटवलं.

ताई

२० मे

बाबा,

आकडा फुटला.

१२९५९९५१ = ३५९३ × ३६०७. दोन्ही मूळ आहेत, तुम्ही पाठवलेल्या कागदावर ३५९३ आहे, आणि ३६०७ मी स्वतः बघितला, ५९ पर्यंत सगळ्यांनी भाग दिला.

आजोबांचा नियम आहे की फुटल्यावर कुणी बसायचं राहायचं नाही. आत्या म्हणाली काल आपण जेवलो. पण ते धरायचं नाही, कारण तुम्ही नव्हता. आईचं ताट मांडायचं की नाही ते मला माहीत नाही. ते तुम्ही आल्यावर ठरवू. तुमचं मांडणार आहे.

तुम्ही मागे गल्लीच्या तोंडाशी उभे होता ना? मी बघितलं होतं. तुम्ही बघत होता म्हणून मी नीट चालले.

ठकी

२५ मे

ठकी,

तुझी चिठ्ठी काट्यावर वाचली. बाहेर तीन ट्रक उभे होते, ते भोंगे वाजवत होते. मी ३५९३ ने भाग दिला, मगच बाहेर गेलो. बरोबर ३६०७ वेळा जातो. बाकी शून्य.

तुला खरं सांगायला हवं. शेवटचा भाग मला द्यायचा होता. त्यासाठी पेन्सिलीला टोक केलं आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. भाग गेला असता तरी संपलं असतं, नसता गेला तरी संपलं असतं. मला ते संपायला नको होतं. म्हणून ताईला गाठ म्हणून कळवून टाकलं.

काल सगळे कागद पुन्हा काढले. अगदी पहिल्या कागदावर मी ३६०० चा वर्ग केलेला आहे. त्याच्याखाली आपला आकडा लिहिलाय, आणि त्याच्याखाली वजाबाकीची रेघ मारलीय. रेघेखाली काही नाही. दिवसभर वजाबाक्या करणारा माणूस मी, भरलेल्यातून रिकामा, आणि ही एक केली नाही. आजोबांची दुसरी रीत मी विसरलो नव्हतो, बेटा.

आणखी एक पाहिलं. ३५९३ नंतरची मूळ संख्या थेट ३६०७ आहे. मधल्या सगळ्या फुटतात. दोघी शेजारी आहेत आणि त्यांच्या मध्ये कुणी नाही. हे तुझ्या आईला आवडलं असतं, ती आपल्या आधी ओरडली असती.

मला अजून काही वाटत नाही. तू समोर आलीस तरी कदाचित लगेच वाटणार नाही, आणि माझं तोंड असंच असेल. हे आधीच सांगतो म्हणजे तुझं काही चुकलं असं तुला वाटायला नको. त्या दिवशी मी तुला हाक मारायला हवी होती. तू नीट चालत होतीस. ते मला दिसलं होतं.

आत्याला सांग, तिच्याकडे माझा एक कागद आहे, तो तिने फाडून टाकावा.

आईचं ताट मांड. आपण त्यात काही वाढायचं की नाही ते बसल्यावर ठरवू. शनिवारी संध्याकाळी सुटी झाल्यावर निघतो. जिन्यात पाय वाजले की मान वर कर. मी असेन.

बाबा